वाफेची यंत्रं घेताना : नाकाच्या स्टीमरपासून जुन्या बंबापर्यंत

दिवाळी आटोपते, कापसाची वेचणी जोरात असते आणि पहाटेचा गारठा अंगात भरू लागतो, त्या दिवसांत जळगावच्या फुले मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर ‘स्टीमर’ हा शब्द वरचेवर कानावर पडतो. गंमत अशी, की दुकान बदललं की त्याचा अर्थही बदलतो. औषधाच्या दुकानात स्टीमर म्हणजे सर्दीत नाकाने वाफ घ्यायचं प्लॅस्टिकचं यंत्र. भांड्यांच्या दुकानात इडली-ढोकळ्याचा डबा. इलेक्ट्रिकच्या दुकानात फरशी-गादी साफ करायची नळीवाली मशीन, नाहीतर कपड्यांच्या सुरकुत्या काढणारी. आणि जुन्या वस्तूंची हौस असलेल्यांना वाफ म्हटलं की तांब्याचा बंब आठवतो, भुसावळची काळी इंजिनं आठवतात.

या सगळ्यांत सारखी गोष्ट एकच, उकळतं पाणी. म्हणून खरेदीला निघताना बंधू-भगिनींनी एक प्रश्न सोबत न्यावा : ही वस्तू कलंडली तर आतलं पाणी कुठे सांडेल, आणि त्या वेळी घरातलं लेकरू कुठे असेल? खोक्यावर काय काय फायदे छापलेत ते नंतर वाचलं तरी चालतं.

वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षाही वाईट का, हे शाळेच्या विज्ञानात शिकवतात. शून्य अंशाचं एक ग्रॅम पाणी १०० अंशांपर्यंत तापवायला १०० कॅलरी उष्णता लागते. पण त्याच १०० अंशांच्या एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला आणखी सुमारे ५४० कॅलरी लागतात. ही उष्णता वाफेत दडून राहते, म्हणून तिला गुप्त उष्णता म्हणतात. वाफ कातडीला लागून तिचं परत पाणी झालं, की ती सगळी उष्णता कातडीच्या वाट्याला येते. ढोकळ्याच्या भांड्याचं झाकण आपल्या बाजूने उघडणाऱ्या बाईचं मनगट का भाजतं, त्याचं उत्तर यात आहे. झाकण नेहमी पलीकडच्या बाजूने आधी उचलावं, म्हणजे वाफ भिंतीकडे जाते.

नाकाचा स्टीमर

सर्वात जास्त खप याचाच, आणि सर्वात जास्त काळजीही याचीच घ्यायला हवी. दीडशे-दोनशे रुपयांपासून हे यंत्र मिळतं. कोविडच्या काळात तर घरोघरी आलं. २०२० आणि २०२१ मध्ये वाफ घेतली की विषाणू मरतो, असे निरोप मोबाइलवर इतके फिरले, की लोक दिवसातून चार-चार वेळा तोंड वाफेत घालून बसत. थोडा विचार केला तर यातली चूक कळते. विषाणू आपल्या पेशींच्या आत शिरलेला असतो. त्याला मारण्याइतकी गरम वाफ आत गेली, तर त्याच्या आधी आपला घसा भाजेल.

साध्या सर्दीचं काय? चंडीगडच्या पीजीआय संस्थेतल्या डॉ. मीनू सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्दीत गरम दमट हवा घेण्याबद्दलच्या चाचण्या एकत्र करून तपासल्या. कोक्रेन या संस्थेने हा आढावा प्रसिद्ध केला, त्याची सुधारित आवृत्ती २०१७ ची आहे. वाफेने सर्दी बरी होते असं म्हणण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही. याचा अर्थ वाफ निरुपयोगी आहे असा नाही. चोंदलेलं नाक थोडा वेळ मोकळं होतं, घशाला बरं वाटतं, झोप लागते. मोठ्या माणसाने एवढ्यासाठी वाफ जरूर घ्यावी. पण आजार तिने हटत नाही. सर्दी आपल्या चालीने आठवडाभरात जाते.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र माझं मत ठाम आहे. त्यांना वाफारा देऊच नये. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहून कळवलं होतं, की कोविडच्या भीतीने घरी वाफ देताना भाजलेली मुलं त्यांच्याकडे पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त येऊ लागली आहेत. तिथे जे झालं ते आपल्याकडे होणार नाही असं कसं म्हणावं? आपल्याकडची रीत तर अजून धोक्याची. खाटेवर नाहीतर गादीवर पातेलं ठेवायचं, मुलाला मांडीवर घ्यायचं आणि वरून गोधडी पांघरायची. आत अंधार, मुलाचा जीव गुदमरतो, ते पाय झाडतं, आणि पातेलं मांडीवर उलटतं. पोट, मांड्या, लघवीची जागा भाजते. ६० अंशांचं पाणीसुद्धा पाचेक सेकंदांत मोठ्या माणसाची कातडी खोलवर भाजू शकतं. मुलाची कातडी पातळ, त्याला तेवढाही वेळ लागत नाही.

मग लेकराचं नाक चोंदलं तर काय करावं? औषधाच्या दुकानात मिठाच्या पाण्याचे नाकात टाकायचे थेंब स्वस्तात मिळतात. दूध पाजण्याआधी आणि झोपवण्याआधी ते टाकावेत. अंगावरचं दूध चालू ठेवावं. मोठ्या मुलाला कोमट पाणी, वरणाचं पाणी वारंवार द्यावं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये. कापूर, निलगिरीचं तेल, मेंथॉलचे मलम वाफेत किंवा थेट बाळाच्या नाकाशी नको. कापूर पोटात गेला तर मुलाला झटके येऊ शकतात, आणि मेंथॉलच्या उग्र वासाने तान्ह्या बाळाचा श्वास अडकू शकतो. ओवा-कापराची पुरचुंडी गळ्यात बांधण्याची सवय घरातल्या आजीने कितीही मायेने लावलेली असो, ती सोडावी.

आणि हे मोजायला शिका, कारण वाफेच्या नादात खरा धोका राहून जातो. मूल शांत किंवा झोपलेलं असताना त्याचं पोट वर-खाली होताना बघा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाचं ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांचं ४० किंवा जास्त श्वास घेत असेल, तर तो न्यूमोनिया असू शकतो. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल दूध पीत नसेल, मलूल पडलं असेल, तर रात्र असली तरी थांबू नये. आशाताईला हाक मारा, १०८ ला फोन करा. धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, जळगावातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा मुलाला घरी वाफ देत बसणं म्हणजे मोलाचे तास घालवणं.

आणखी एक घोळ नेहमी दिसतो. काही घरांत वाफेचं यंत्र आणि नेब्युलायझर एकच समजतात. नेब्युलायझरमध्ये उष्णता नसते. तो डॉक्टरांनी दिलेल्या औषधाचं बारीक धुकं करून फुप्फुसात पोचवतो. दमेकऱ्याला त्याचा उपयोग होतो. नुसत्या गरम वाफेने मात्र काही दमेकऱ्यांना उलट जास्त धाप लागते. शेजारणीचा नेब्युलायझर आणून त्यात साधं पाणी घालणं, किंवा दम्याच्या मुलाला वाफेचं यंत्र आणून देणं, दोन्ही चूक.

मोठ्यांसाठी यंत्र घ्यायचंच असेल तर आतलं बघून घ्या. स्वस्तातल्या कित्येक यंत्रांत दोन धातूच्या पट्ट्या थेट पाण्यात बुडतात आणि वीज पाण्यातूनच वाहते. पाणी फार स्वच्छ असलं तर वाफ होत नाही, म्हणून चिमूटभर मीठ टाकायला सांगतात. अशा यंत्राचं बटण चालू असताना पाण्याला हात लागला तर शॉक बसतो. पाणी भरायचं तर आधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. त्यापेक्षा बूड रुंद असलेलं, पाणी संपताच आपोआप बंद होणारं, झाकण फिरवून घट्ट बसणारं यंत्र थोडं महाग पडलं तरी परवडतं. दुकानदाराला सांगून ते रिकामंच टेबलावर ठेवा आणि बोटाने ढकलून बघा. सहज कलंडत असेल तर परत द्या. “ताई, सगळे हेच नेतात,” असं तो म्हणेल. म्हणू द्या.

आणि घेतलं नाही तरी काही अडत नाही. रुंद बुडाचं पातेलं गॅसवरून उतरवून भिंतीला लावलेल्या टेबलावर ठेवावं, मिनिटभर थांबावं, खुर्चीवर बसून चेहरा वीतभर वर धरावा, पातळ पंचा घ्यावा, पाच ते दहा मिनिटांत उठावं. हे काम खाटेवर कधीच करू नये.

कुणी भाजलंच तर तिथल्या तिथे नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली भाजलेला भाग २० मिनिटं धरा. बर्फ नको. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप, कोरफड काही लावू नका. अंगठी, बांगड्या, करदोटा सूज येण्याआधी काढा. कपडा कातडीला चिकटला असेल तर ओढू नका. स्वच्छ सुती कापड सैल झाकून रुग्णालय गाठा. चेहरा, हात, सांधे किंवा लघवीची जागा भाजली असेल तर भाग कितीही छोटा असला तरी डॉक्टरांना दाखवावंच.

स्वयंपाकघरातली वाफ

खानदेशाला वाफेचं अन्न कुणी शिकवायला नको. तुरीची डाळ भिजवून जाडसर वाटायची, त्यात कांदा, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर घालून मुटके वळायचे आणि चाळणीवर वाफवायचे, झाले फुणके. सोबत गरम कढी. डाळ, भाजी आणि तेलाचा हात आखडता, असं ताट एखाद्या आहारतज्ज्ञाने मांडून दिलं असतं तर त्याला आपण पैसे मोजले असते. शेजारच्या गुजरातचा ढोकळा आणि कोकणचे मोदक आपल्या स्वयंपाकघरात पाहुणे म्हणून आले आणि राहिले. फुणके मात्र घरचे. तरी लग्नाच्या पंगतीत ते दिसेनासे झालेत, याचं वाईट वाटतं.

या फुणक्यांसाठी लागतं काय? एक पातेलं, त्यावर बसणारी चाळणी, झाकण, आणि झाकणाला गुंडाळायला सुती फडकं. फडकं अशासाठी, की झाकणाला जमलेलं पाणी परत अन्नावर टपकू नये. एवढी व्यवस्था घरात असेल तर तीन मजली इलेक्ट्रिक स्टीमरची घाई नको. तो गावाबाहेर शिकणाऱ्या, खोली करून राहणाऱ्या मुलामुलींना सोयीचा. ८०० वॅटचा डबा अर्धा तास चालला तर ०.४ युनिट वीज जाते, म्हणजे बिलाचा धसका घ्यायचं कारण नाही. अडचण वेगळी आहे. त्याचे डबे बहुधा प्लॅस्टिकचे असतात, चुलीजवळ तडकतात, आणि भारनियमनाच्या दिवशी तो कोपऱ्यात बसून राहतो.

वाफवण्याचा फायदा खरा आहे. क जीवनसत्त्व आणि फोलेट पाण्यात विरघळतात. पालक, मेथी, गवार भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकलं की त्यातला बराच भाग मोरीत जातो. वाफेवर शिजवलं तर तो भाजीतच राहतो. मोड आलेल्या मटकीला पाच-सात मिनिटांची वाफ पुरते. गरोदर बहिणींनी आणि रक्त कमी असलेल्या मुलींनी ही सवय मुद्दाम लावून घ्यावी, वर लिंबू पिळावं, लोह अंगी लागायला मदत होते.

पण ‘वाफेवरचं म्हणजे हलकं आणि पथ्याचं’ हे सरसकट खरं नाही. मधुमेह असलेले कितीतरी जण इडलीला पथ्य समजतात. सहा इडल्या खाल्ल्या तर पोटात भातच गेला, आणि तोही चटकन साखर वाढवणारा. फुणके त्यापेक्षा बरे, कारण ते डाळीचे. अळूवडी वाफवून नंतर तेलात तळली तर वाफेचं पुण्य तिथेच संपलं.

भांडं घेताना लोहचुंबक घेऊन फिरणारे काहीजण भेटतात. चुंबक चिकटलं तर नकली, नाही चिकटलं तर असली स्टील, असा त्यांचा हिशेब असतो. तो अर्धवट आहे. ३०४ या चांगल्या प्रतीच्या स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही हे खरं, पण लवकर डाग पडणाऱ्या २०२ प्रतीलाही चिकटत नाही. उलट ४३० प्रतीला चिकटतं, आणि इंडक्शनच्या शेगडीवर चालायला भांड्याच्या बुडाला चुंबक चिकटावंच लागतं. तेव्हा भांड्यावर प्रतीचा ठसा बघा, कडा बोटाला कापतात का ते बघा, दांडे रिव्हेट मारून पक्के बसवलेत की नुसते चिकटवलेत ते बघा. जर्मनच्या भांड्यात साधा भात-डाळ चालून जाते. चिंच, ताक, लिंबूसत्त्व घातलेला ढोकळा त्यात नको, आंबटाने अॅल्युमिनियम अन्नात उतरतं.

कुकर हाही वाफेचाच. आत हवेच्या दाबाहून साधारण एक किलो जास्त दाब दर चौरस सेंटिमीटरवर पडतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. म्हणून डाळ लवकर शिजते, आणि म्हणूनच कुकर फुटला तर जीवावर बेततं. घरगुती कुकरला आयएसआय शिक्का सक्तीचा आहे, त्याचं मानक आयएस २३४७. केंद्र सरकारने त्यासाठी २०२० मध्ये आदेश काढला. त्यानंतरही शिक्का नसलेले कुकर विकले गेले, आणि २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या बड्या कंपन्यांवर कारवाई केली, गिऱ्हाइकांना कळवून कुकर परत घ्या आणि पैसे परत करा असं बजावलं. तेव्हा ऑनलाइन स्वस्त मिळाला किंवा आठवडे बाजारात गाडीवर मिळाला, तरी शिक्का नसेल तर नको. पक्कं बिल मागून घ्या. तक्रार करायची वेळ आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

नवा कुकर घेण्याआधी जुन्याची रबरी रिंग, शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच कंपनीचे बदलून बघा, कितीदा तेवढ्यावर काम होतं. सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये एक मऊ धातू असतो. पाणी संपून कुकर फार तापला की तो वितळतो आणि वाफेला वाट करून देतो. हा व्हॉल्व्ह उडाला म्हणून तिथे स्क्रू ठोकून देणारे किंवा शिसं ओतून बुजवणारे कारागीर आहेत. असा कुकर म्हणजे घरातला बॉम्बच. कोविडच्या दिवसांत शिट्टीच्या जागी नळी लावून भाजीवर वाफ मारण्याचे व्हिडिओ फिरले, कुणी त्याच नळीने नाकाला वाफ घेतली. नळी तुंबली किंवा निसटली तर काय होईल ते वर सांगितलेल्या ५४० कॅलरींवरून समजावं.

ढेकूण, गादी आणि फरशी

वाफेवर फरशी पुसणारी मशीन आपल्या घरांना चैन आहे, असं मी म्हणणार होतो. ढेकणांचा विचार केला आणि मत थोडं बदललं. आपला भाग कपाशीचा. फवारणीची औषधं घरात किंवा ओसरीत असतात, आणि ढेकूण झाले की तेच औषध खाटेला, भिंतीच्या फटींना मारलं जातं. त्याच खोलीत रात्री मुलं झोपतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, ते उघड्या रानात. बंद खोलीत तर औषध निघून जायला जागाच नाही. धान्यातल्या किड्यांसाठीच्या गोळ्या, ज्यातून विषारी फॉस्फिन वायू निघतो, त्या गादीखाली ठेवण्याचा प्रकार तर त्याहून भयंकर आहे. असं कुणी करत असेल तर हात धरून थांबवा.

ढेकूण आणि त्यांची अंडी ५० अंशांच्या पुढच्या उष्णतेत मरतात. मशीनची वाफ नळीच्या तोंडाशी यापेक्षा पुष्कळ गरम असते. खाटेच्या सांध्यांत, गादीच्या शिवणीत, भिंतीच्या फटीत ती हळूहळू फिरवावी. वीतभर जागेला दहा सेकंद तरी द्यावेत. जोराचा झोत मारला तर ढेकूण न मरता उडून दुसरीकडे पडतात, म्हणून नळीला कापड गुंडाळून झोत मंद करतात. आठ-पंधरा दिवसांनी परत तेच, कारण फटीत खोलवर राहिलेली अंडी फुटतात. चादरी, उशांचे अभ्रे, पातळ गोधड्या उकळत्या पाण्यातून काढाव्यात. जळगाव-भुसावळचं एप्रिल-मेचं ऊन कितीही कडक असलं तरी नुसती गादी उन्हात टाकून भागत नाही. वरचा थर तापतो आणि ढेकूण आतल्या गार बाजूला सरकतात. वाफ मारलेली ओलसर गादी वाळवायला मात्र ते ऊन उत्तम.

ही मशीन वर्षातून दोन-चार वेळाच लागते, म्हणून प्रत्येक घराने घेण्यात अर्थ नाही. विहाराच्या महिला मंडळाने किंवा बचत गटाने एक घ्यावी, वहीत नाव लिहून पाळीपाळीने न्यावी. घेताना वॅट बघा. १५०० वॅटच्या मशीनला साडेसहा अँपिअर वीज लागते, ती साध्या प्लगला झेपत नाही, जाड तीन पिनांचा १६ अँपिअरचा प्लग आणि अर्थिंग हवं. वस्तीतल्या जुन्या वायरिंगवर एक्स्टेन्शन बोर्ड जोडून ती चालवू नये. टाकीचं झाकण वाफ पूर्ण गेल्याशिवाय उघडायचं नाही. विजेच्या बोर्डावर, टीव्ही-फ्रिजवर, मातीच्या भिंतींवर वाफ मारायची नाही. आणि पाणी? बोअरचं जड पाणी भरलं तर काही महिन्यांत आत पांढरा थर बसून नळी तुंबते. फिल्टरचं पाणी वापरावं, आणि थर बसलाच तर लिंबूसत्त्वाचं पाणी तासभर भरून ठेवून, वाफ न करता, ओतून द्यावं.

घरात रोजची फरशी पुसायला साबणाचं पाणी आणि कोरडं होईपर्यंत उघडी खिडकी पुरेशी आहे. कपड्यांच्या स्टीमरबद्दल एवढंच, की सुरकुत्या काढायला तो ठीक, जंतू मारण्याच्या जाहिरातीवर पैसे घालवू नका.

हौसेची वाफ

जुन्या वस्तू जमवणाऱ्यांत हल्ली तांब्या-पितळेला मागणी आहे. आजीच्या काळातलं पितळी मोदकपात्र, तांब्याचा बंब, मोडीत निघालेली भांडी लोक चांगले पैसे देऊन घेतात आणि दिवाणखान्यात मांडतात. मांडायला हरकत काहीच नाही. प्रश्न ती परत वापरायला काढल्यावर येतो.

बंबात मधल्या नळीत कोळसा किंवा लाकडं जळतात आणि भोवतीचं पाणी तापतं. तो अंगणात असायचा तोवर ठीक होतं. आजच्या चार बाय पाचच्या बंद न्हाणीघरात पेटता बंब ठेवला तर कार्बन मोनॉक्साइड वायू साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, आणि माणूस दाराची कडी काढण्याआधीच कोसळतो. खिडकी नसलेल्या न्हाणीघरातल्या गॅस गिझरलाही हेच लागू. बंब पेटवायचा तर मोकळ्यावर, आणि पाणी बादलीने आत न्यायचं.

पितळी-तांब्याच्या भांड्यात शिजवायचं तर आतून कल्हई हवीच. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक, आमटी, चिंच शिजली तर तांबं अन्नात उतरून उलट्या, पोटदुखी होते. कल्हईवाल्याला कथीलच वापरायला सांगा, समोर उभं राहून करून घ्या. कथलात स्वस्त शिसं मिसळलं तर ते रोज थोडं थोडं मुलांच्या पोटात जातं आणि त्यांच्या मेंदूवर, रक्तावर परिणाम करतं. नवसागराचा पांढरा धूर उठतो तो छातीत जाऊ नये म्हणून काम अंगणात, पोरांना लांब ठेवून. जुनं भांडं झाळून दुरुस्त केलेलं दिसलं तर त्या सांध्यात शिसं असण्याची शक्यता मोठी. ते शोभेलाच ठेवा.

जत्रेत पूर्वी पत्र्याची एक छोटी होडी मिळायची. आत मेणबत्तीचा तुकडा किंवा तेलाचा दिवा, मागे पाण्यात बुडालेल्या दोन बारीक नळ्या. पाणी तापून वाफ होते, ती नळीतलं पाणी मागे ढकलते, मग थंड होऊन आकसते आणि पाणी पुन्हा आत येतं. टुक-टुक आवाज करत होडी परातीत पुढे जाते. वाफेचं इंजिन मुलांना समजवायला याहून सोपी वस्तू नाही. शाळेतल्या मुलासमोर बसून जरूर चालवून दाखवा. पण तिचा रंग आणि झाळ शिशाची असू शकते, पत्र्याची कड कापते. तोंडात घालणाऱ्या वयाच्या मुलाच्या हाती ती देऊ नये, आणि खेळून झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

भुसावळ हे रेल्वेचं गाव. वाफेची इंजिनं गेली, पाचोरा-जामनेर छोट्या गाडीच्या आठवणी उरल्या, पण त्या काळातले पितळी दिवे, शिट्ट्या, पाट्या, दाब मोजायची घड्याळं भंगारात फिरत असतात आणि जमवणारे ती शोधत असतात. भंगाराच्या कामात आपल्या समाजाचेही हात आहेत, म्हणून हे सांगायलाच हवं. जुन्या बॉयलरवर आणि वाफेच्या नळ्यांवर उष्णता टिकवायला ॲस्बेस्टॉसची पांढरट दोरी, पुठ्ठा किंवा लेप लावलेला असे. तो खरवडला की बारीक तंतू उडतात, डोळ्यांना दिसत नाहीत, फुप्फुसात रुततात. त्रास तेव्हा होत नाही. फुप्फुस कडक होणं, कर्करोग हे वीस-तीस वर्षांनी समोर येतं. नळीभोवती असं काही गुंडाळलेलं दिसलं तर ब्रश मारू नये, कापू नये, फुंकर घालू नये, झाडू नये. पितळी दिवा, पाटी, शिट्टी घ्यावी आणि चिंच-मिठाने घासून चमकवावी. लेप असलेली नळी मात्र कितीही स्वस्त मिळाली तरी उचलू नये, आणि ती उचलायला लावणाऱ्या ठेकेदाराला तसं तोंडावर सांगावं.